निवड झाली, व्हिसा अजून बाकी

अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसाच्या २०२५ सालच्या फेरीसाठी जगभरातून जवळपास दोन कोटी वैध अर्ज दाखल झाले. संगणकाच्या सोडतीत साधारण १ लाख ३१ हजार जण निवडले गेले, आणि या आकड्यात अर्जदारांबरोबर त्यांचे जोडीदार आणि मुलंही धरलेली आहेत. वाटायचे व्हिसा मात्र ५५ हजारांच्या आतच. म्हणजे 'लॉटरी लागली' म्हणून ज्यांच्या घरी पेढे वाटले गेले, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांच्या हाती व्हिसा पडणं गणितानंच अशक्य होतं. हे आकडे पाहिले की बहुतेक जण म्हणतात, शेवटी सगळा नशिबाचा खेळ. मला ते पटत नाही. नशिबाचं काम मे महिन्यात, निकालाच्या दिवशी संपतं. त्यानंतर उरते ती एक सरकारी फाइल, आणि दूतावासातल्या मुलाखतीत ती फाइल आणि खिडकीसमोर उभा असलेला माणूस यांचा मेळ बसतो का, एवढंच पाहिलं जातं. मुलाखतीची तयारी या नावाखाली बाजारात जे विकलं जातं ते असतं उत्तरांचं पाठांतर. माझं म्हणणं असं, की मुलाखतीची खरी तयारी आणि परक्या देशात संसार मांडण्याची तयारी हे एकच काम आहे. ते अर्ज भरण्याच्या दिवशी सुरू होतं, आणि पाठ केलेली उत्तरं त्यात कामाला येत नाहीत. बऱ्याचदा घात करतात.

ही सोडत मुळात कुणासाठी निघाली, हे थोडक्यात सांगायला हवं. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकेनं देशवार कोट्याची जुनी, वंशभेदी पद्धत मोडली आणि नातेवाइकांना व कुशल कामगारांना अग्रक्रम दिला. त्यामुळे ज्यांचे जवळचे नातेवाईक अमेरिकेत नव्हते, त्यांचा रस्ता अरुंद झाला. त्यात आयरिश लोक होते, आणि १९८० च्या दशकात बेकायदा राहणाऱ्या आयरिश तरुणांची संख्या वाढल्यावर मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस सदस्य ब्रायन डॉनेली यांनी तात्पुरत्या व्हिसांची सोय करून घेतली. १९९० च्या कायद्यानं ती सोय कायमची झाली आणि १९९५ पासून आजच्या रूपातली सोडत सुरू झाली. युरोपला समोर ठेवून उघडलेलं हे दार पुढे आफ्रिका आणि आशियातल्या लोकांनी सर्वाधिक वापरलं. नियम असा, की ज्या देशातून मागच्या पाच वर्षांत ५० हजारांहून अधिक लोक नात्याच्या किंवा नोकरीच्या मार्गानं अमेरिकेत स्थायिक झाले, तो देश सोडतीतून बाद. भारत, चीन, मेक्सिको, फिलिपिन्स म्हणूनच बाहेर आहेत. बांगलादेश आणि नायजेरियाही नंतर बाद झाले.

मग मराठी वाचकानं हे कशाला वाचायचं? कारण इथं नागरिकत्व पाहत नाहीत, जन्मस्थान पाहतात. कुवेतला किंवा मस्कतला नोकरी करणाऱ्या रत्नागिरीच्या जोडप्याचं मूल तिथल्या इस्पितळात जन्मलं असेल, तर त्याचा पासपोर्ट भारतीय असला तरी सोडतीच्या हिशेबी ते कुवेतचं किंवा ओमानचं. मॉरिशसमधली मराठी घरं, इस्राएलमध्ये जन्मलेली बेने इस्राएल कुटुंबांतली मुलं यांनाही हाच नियम लागू. उलट पोर्तुगीज पासपोर्ट मिळवलेल्या गोवेकराला तो पासपोर्ट इथं उपयोगाचा नाही. जन्म म्हापशाचा असेल तर देश भारतच धरला जातो. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म पात्र देशातला असेल, तर दुसऱ्याला त्या देशाचा आधार घेता येतो. मात्र दोघांची नावं एकाच अर्जात हवीत, आणि दोघांनी व्हिसा घेऊन एकत्र प्रवेश करायला हवा. आणखी एक गट आपल्या अगदी शेजारचा आहे. मुंबई-पुण्यात राबणाऱ्या नेपाळी कुटुंबांची जी मुलं इथं जन्मली, त्यांचं जन्मस्थान कागदावर भारत. आईवडील इथं तात्पुरते होते, रहिवासी नव्हते, हे पटवता आलं तरच त्यांना नेपाळच्या नावावर अर्ज करता येतो.

नेपाळचाच दाखला पुढे धरतो, कारण आशियातून ही सोडत सर्वाधिक गंभीरपणे घेणाऱ्या देशांत तो आहे. तिथं 'डीभी भर्नु' हा रोजच्या बोलण्यातला प्रयोग आहे, आणि दर ऑक्टोबरात गावोगावच्या फोटो स्टुडिओंत आणि सायबर कॅफेंत त्यासाठी रांगा लागत आल्या आहेत. २०२५ ची फेरी म्हणजे प्रत्यक्षात अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मधले, निकाल मे २०२४ मधला, आणि व्हिसा १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ या अमेरिकी आर्थिक वर्षातले. निवड झालेल्याला एक केस नंबर मिळतो: आधी वर्ष, मग आशियासाठी 'एएस', मग आकडा. हा आकडा म्हणजे रांगेतली जागा. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये प्रत्येक खंडासाठी एक मर्यादा छापून येते आणि तिच्या आतले नंबर मुलाखतीला बोलावले जातात. एका देशाला एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, म्हणून नेपाळची मर्यादा बहुतेक वेळा वेगळी छापली जाते. डीएस-२६० हा सविस्तर अर्ज लवकर भरल्यानं नंबर पुढे सरकत नाही, पण उशीर केल्यानं आपली पाळी हुकू शकते. ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते.

आता मूळ मुद्द्याकडे. पहिली मुलाखत होते ती सोडतीच्या अर्जातच, फक्त समोर कुणी बसलेलं नसतं. त्या अर्जात नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, शिक्षण, वैवाहिक स्थिती, जोडीदार, २१ वर्षांखालची सगळी अविवाहित मुलं आणि प्रत्येकाचा फोटो, मुख्यतः एवढंच मागतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण वर्ष-दीड वर्षानंतर कॉन्सुलर अधिकारी याच दहा मिनिटांशी सगळं ताडून पाहतो. फोटोचं उदाहरण घ्या. तो चौकोनी हवा, पार्श्वभूमी पांढरी, चष्मा काढलेला, आणि सहा महिन्यांच्या आत काढलेला. स्टुडिओवाला मागच्या वर्षीची फाइल उघडून तोच फोटो पुन्हा चढवतो, गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात, आणि मागच्या वर्षीचा फोटो यंदाच्या अर्जात आढळला एवढ्यावरून अर्ज बाद ठरू शकतो. त्याहून घातक चूक म्हणजे जोडीदाराचं किंवा मुलाचं नाव गाळणं. बायको सध्या माहेरी आहे, मूल पहिल्या लग्नाचं आहे, त्याला न्यायचं नाहीच, अशा कारणांनी नावं गाळली जातात. नियम त्यातलं काही ऐकत नाही. अर्जाच्या दिवशी नातं होतं आणि ते लिहिलं नाही, की सगळं कुटुंब अपात्र. यात कुणाचं नशीब आडवं येत नाही, कुणी शहाणं माणूस शेजारी बसून वाचत नव्हतं एवढंच.

प्रत्यक्ष मुलाखतीचा दिवस कसा असतो, ते जवळून पाहू. ठरलेल्या वेळी प्रवेशद्वारावर तपासणी, मग कागद जमा करण्याची खिडकी, मग रोखपाल. इथं माणशी ३३० डॉलर भरावे लागतात. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. पुढे बोटांचे ठसे, थोडी वाट पाहणं, आणि मग नावाचा पुकारा. काचेपलीकडचा अधिकारी उजवा हात वर करायला लावून शपथ देतो आणि प्रश्न विचारू लागतो: बारावी कुठून झाली, कोणत्या वर्षी, लग्न कधी झालं, आधी कोणत्या देशात राहिलात, अमेरिकेत कुणाकडे उतरणार, खर्च कसा भागवणार. बहुतेक मुलाखती काही मिनिटांत आटोपतात, आणि उमेदवार बाहेर येऊन म्हणतो की त्यांनी काही विचारलंच नाही. विचारायचं फारसं राहिलेलं नसतं, कारण अधिकाऱ्याच्या समोर मूळ अर्ज, डीएस-२६० आणि दाखले तिन्ही असतात. ते जुळले तर तो दोन-चार गोष्टी विचारून थांबतो. जिथं तीन कागद तीन गोष्टी सांगतात, तिथं मुलाखत लांबते. जन्मदाखल्यावर आडनावाचं एक स्पेलिंग, गुणपत्रिकेवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असेल, तर त्यासाठी आधीच प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्त दाखला तयार ठेवणं ही खरी तयारी. खिडकीसमोर उभं राहून ते स्पष्टीकरण सुचणं अवघड.

शिक्षणाच्या अटीत सर्वाधिक गफलत होते. कायद्याला एकतर बारा वर्षांचं औपचारिक शालेय शिक्षण पूर्ण हवं, नाहीतर मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा असा अनुभव हवा, की ज्या कामासाठी किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. दहावी झालेल्या माणसाला 'मॅट्रिक पास' हा जुना मान पुरेसा वाटतो, पण तो पुरत नाही. पत्राचारानं मिळालेलं किंवा समकक्ष परीक्षेचं प्रमाणपत्र चालत नाही, असं सोडतीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं. अनुभवाचा पर्याय दिसतो तेवढा सैल नाही. कोणतं काम कोणत्या दर्जाचं, हे अमेरिकी श्रम खात्याच्या ऑनलाइन सूचीवरून ठरतं, आणि वाहनचालक, विक्रेता, स्वयंपाकी अशी कष्टाची, कौशल्याची कामंही त्या पट्टीवर बसत नाहीत. हे अन्यायाचं आहे असं म्हणता येईल. माझंही मत तसंच आहे. पण अर्ज करण्याआधी ती सूची उघडून पाहायला पैसे लागत नाहीत, आणि तसं केलं तर मुलाखतीच्या दिवशी ३३० डॉलर आणि त्याआधी वैद्यकीय तपासणीचे पैसे हकनाक जात नाहीत.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ज्या देशांत दाखले नीट मिळत नाहीत, इंग्रजी फारसं कुणाला येत नाही आणि इंटरनेट परवडत नाही, तिथं एजंटाशिवाय हे कोण करणार? ड्यूक विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स पियो यांनी २०१९ च्या 'द फिक्सर' या पुस्तकात टोगोमधल्या अशाच एका मध्यस्थाचं काम बारकाईनं मांडलं आहे. हा मध्यस्थ अर्ज भरतो, निवड झालेल्यांचा खर्च उचलणारा शोधतो, मुलाखतीची तालीम घेतो, आणि अनेकदा निवड झालेल्या एकट्या माणसाचं लग्न परदेशातल्या कुणा पैसेवाल्याच्या नातेवाइकाशी लावून देतो. पियो त्याला निव्वळ भामटा ठरवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गरिबाला या यंत्रणेपर्यंत पोचवणारा दुसरा कुणी नसतो. पण याच मध्यस्थीची दुसरी बाजू अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं, म्हणजे जीएओनं, २००७ च्या अहवालात दाखवली आहे. बांगलादेश तेव्हा सोडतीत होता. तिथले एजंट अर्जावर स्वतःचा पत्ता घालत, निवडीचं पत्र स्वतःकडे अडकवून ठेवत, आणि ते सोडवण्यासाठी मोठी रक्कम मागत किंवा आपल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी खोटं लग्न करायला लावत. आता पत्रं येत नाहीत. निकाल फक्त सरकारी संकेतस्थळावर, अर्जाच्या पोचक्रमांकानं पाहता येतो. पण तो पोचक्रमांक कॅफेवाल्याच्या वहीत राहिला तर परिस्थिती तीच. म्हणून मी एजंट नकोच असं म्हणत नाही. अर्ज दुसऱ्यानं भरला तरी पोचक्रमांक, भरलेल्या अर्जाची प्रत आणि वापरलेला ईमेल पत्ता आपल्या हातात घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नये, एवढाच आग्रह आहे.

तालमीचं काय? अर्जानंतर झालेलं लग्न बेकायदा नाही, अशा जोडीदारालाही व्हिसा मिळतो. पण निवड आणि मुलाखत यांच्या मधल्या काळात अचानक उगवलेलं लग्न अधिकारी सर्वाधिक संशयानं पाहतो. मग नवरा-बायकोला वेगवेगळं बोलावून घरातले तपशील विचारले जातात: कोण आधी उठतं, सासूचं नाव काय, लग्नात जेवण कुणी केलं. खोट्या जोडप्यांना याची उत्तरं घोकवली जातात, आणि त्याचा फटका खऱ्या जोडप्यांनाही बसतो, कारण घोकलेलं उत्तर फार गुळगुळीत येतं आणि खरा माणूस 'आठवत नाही' असं सहज म्हणून जातो. खऱ्या जोडप्यानं उत्तरं पाठ करण्यापेक्षा पुरावे जमवावेत: वेगवेगळ्या काळातले फोटो, एकत्र राहण्याचे पत्ते, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, दोन्ही घरच्यांच्या हजेरीचा लग्नाचा दाखला. आणि खोटं पकडलं गेलं तर प्रकरण नकारावर थांबत नाही. व्हिसासाठी महत्त्वाच्या बाबतीत खोटं बोलल्याचा शेरा फाइलवर बसला, की अमेरिकेची दारं कायमची बंद होतात. सूट मिळण्याची वाट अतिशय अरुंद आहे. एजंटाची फी एकदाच जाते. हा शेरा पुढच्या प्रत्येक अर्जात, पर्यटक व्हिसासाठीसुद्धा, समोर येतो.

दुसरा आक्षेप: सगळं बरोबर असूनही अधिकाऱ्याची मर्जी फिरली तर? कॉन्सुलर अधिकाऱ्याच्या निर्णयाची न्यायालयं सहसा फेरतपासणी करत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये मुन्योस खटल्यात हे तत्त्व पुन्हा उचलून धरलं. म्हणजे वर दाद नाही, हे खरं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या म्हणण्याला बळच देतो. अपील नसेल तर पहिल्याच भेटीत कागद पूर्ण असण्याचं मोल वाढतं. नकार द्यायचा तर अधिकाऱ्यालाही कायद्याचं कलम दाखवावं लागतं, आणि एखादा कागद कमी असणं किंवा तपशील न जुळणं हेच त्याच्या हाती सर्वांत सोपं कारण असतं. असं प्रकरण 'प्रशासकीय प्रक्रिये'त अडकतं, आणि ती कधी संपेल याला मुदत नाही. सोडतीच्या उमेदवाराला मात्र मुदत आहे.

ती मुदत म्हणजे ३० सप्टेंबर. त्या दिवसानंतर त्या फेरीचा एकही व्हिसा देता येत नाही, मग उरलेले कितीही असोत. म्हणून कागदांचा क्रम महत्त्वाचा. सोळाव्या वर्षानंतर ज्या देशात बारा महिने किंवा अधिक राहिलात, त्या प्रत्येक देशाचा पोलिस दाखला लागतो. नेपाळच्या तरुणाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की कतार, सौदी किंवा मलेशियात काढलेली वर्षं आता काठमांडूत बसून सिद्ध करायची. परदेशातून ठसे पाठवून, कुरिअरनं, ओळखीच्या माणसाकरवी हे दाखले मागवायला कधीकधी महिने जातात. म्हणून निकाल लागताच पहिलं काम हे. नोकरीसाठी आखातात गेलेल्या आपल्याकडच्या माणसानंही, पुढे कुठलाही देश गाठायचा असो, तिथून निघतानाच हा दाखला काढून घ्यावा. वैद्यकीय तपासणी मात्र उलट: ती दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरकडेच, आणि मुलाखतीची तारीख आल्यावर. तपासणीची मुदत साधारण सहा महिने असते आणि व्हिसाची मुदतही तिच्यावरूनच ठरते. छातीच्या एक्स-रेत क्षयाची शंका आली तर थुंकीची तपासणी लागते आणि तिचे निकाल यायला कित्येक आठवडे जातात. तारीख ऑगस्ट-सप्टेंबरातली असेल तर तेवढे आठवडे हातात उरत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. तयारी कितीही करा, राज्यकर्ते सगळं मोडून टाकू शकतात. त्याला दाखलेही आहेत. २०११ च्या मे महिन्यात परराष्ट्र खात्यानं संगणकाच्या चुकीमुळे सुमारे २२ हजार जणांची जाहीर झालेली निवड रद्द केली. सोडत पुरेशी यादृच्छिक नव्हती, पहिल्या दोन दिवसांतलेच अर्ज प्रामुख्यानं उचलले गेले होते. २०२० मध्ये अध्यक्षांच्या घोषणांनी हे व्हिसा थांबले. गुजरातेत जन्मलेले न्यायाधीश अमित मेहता यांनी सप्टेंबरात काम सुरू करायला लावलं आणि उरलेले हजारो व्हिसा राखून ठेवायचा आदेश दिला; पण २०२४ मध्ये अपील न्यायालयानं मुदतीनंतर व्हिसा देता येत नाही असं सांगून तो फिरवला. जून २०२५ च्या प्रवेशबंदीत टोगोच्या स्थलांतरितांची वाट बंद झाली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, ब्राउन विद्यापीठातल्या गोळीबाराचा संशयित याच मार्गानं अमेरिकेत आला होता असं पुढे आल्यावर, गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांनी हा कार्यक्रमच स्थगित करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आज कुणी एजंट खात्रीच्या गोष्टी करत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण आक्षेपाचा शेवट 'मग तयारी कशाला' असा होत नाही. तयारी कोणती करायची, हे त्यातून ठरतं. नोकरीचा राजीनामा, जमीन विकणं, मुलांची शाळा सोडवणं, विमानाचं तिकीट या परत न फिरवता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्या पासपोर्टवर व्हिसा चिकटेपर्यंत करू नयेत. दाखले, भाषांतरं, भाषेचा सराव, पदवीचं मूल्यमापन या गोष्टी अमेरिकेचं दार बंद झालं तरी कॅनडाच्या किंवा जर्मनीच्या दारात चालतात.

खिडकीतल्या 'खर्च कसा भागवणार' या प्रश्नात तर मुलाखत आणि स्थलांतर उघडच एकमेकांना भिडतात. सरकारवर बोजा होईल अशी शक्यता दिसली तर व्हिसा नाकारता येतो. सोडतीच्या उमेदवाराला कुटुंबव्हिसासारखं सक्तीचं हमीपत्र लागत नाही, पण अधिकारी आय-१३४ हे साधं हमीपत्र, बँकेतली शिल्लक, नोकरीची संधी मागू शकतो. लोक मग आठवडाभरासाठी उसने पैसे खात्यात भरतात. अधिकाऱ्याला ती एकरकमी जमा लगेच दिसते, आणि समजा दिसली नाही, तरी ते पैसे विमानातून उतरल्यावर भाडं भरायला नसतातच. त्यापेक्षा पहिल्या सहा महिन्यांचा खरा हिशेब मांडावा: कोणत्या शहरात, कुणाच्या घरी किती दिवस, भाडं किती, अनामत किती, कामाला जायला बस आहे की गाडी लागेल, आरोग्यविमा कसा घेणार. हा कागद बरोबर असेल तर खिडकीत उत्तर आपोआप येतं. १९९६ च्या कायद्यानं बहुतेक सरकारी मदत ग्रीन कार्डधारकाला पहिली पाच वर्षं मिळत नाही, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

पात्रतेचा घसारा ही स्थलांतरातली सर्वांत दुःखाची गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल निघण्याआधी कुणी बोलत नाही. मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटनं २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत जवळपास २० लाख पदवीधर स्थलांतरित एकतर बेकार होते किंवा पदवी लागत नाही अशा कामावर होते. काठमांडूची परिचारिका तिथं आधी वृद्धाश्रमात मदतनीस होते, औषधशास्त्राचा पदवीधर पेट्रोलपंपावर उभा राहतो. कारण परवाना प्रत्येक राज्य वेगळा देतं, आणि त्याला विद्यापीठानं थेट, सीलबंद पाठवलेली कागदपत्रं लागतात. ती अमेरिकेतून मागवणं म्हणजे भावाला किंवा वडिलांना विद्यापीठाच्या खिडकीवर दहा फेऱ्या मारायला लावणं. परिचारिकेनं एनक्लेक्स या परवाना-परीक्षेची नोंदणी, डॉक्टरनं परदेशी वैद्यकीय पदव्या तपासणाऱ्या ईसीएफएमजीची पडताळणी, शिक्षकानं आणि अभियंत्यानं पदवीचं मूल्यमापन मुलाखतीची वाट पाहण्याच्या महिन्यांतच सुरू करावं. गंमत म्हणजे हीच पत्रं अधिकाऱ्याला दाखवली तर 'तिथं काय करणार' या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर नाही. लसीकरणाच्या नोंदींचंही तसंच. तपासणीच्या वेळी डॉक्टर जो लशींचा तक्ता भरतो, त्याची प्रत मागून घ्यावी. मुलाला तिथल्या शाळेत घालताना हीच नोंद मागतात, आणि नसेल तर लशी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात.

व्हिसा मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत प्रवेश करायचा असतो, आणि ग्रीन कार्ड छापण्यासाठी २३५ डॉलरची वेगळी फी ऑनलाइन भरायची असते. कार्ड टपालानं येतं, म्हणून डीएस-२६० मध्ये दिलेला पत्ता खरा आणि दारावर आपलं नाव लागलेला हवा. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. १८ ते २५ वयाच्या पुरुषांची सैन्यभरतीच्या यादीत नोंदणी, मायदेशातल्या खात्यांतल्या व्याजासह जगभरातल्या उत्पन्नावरचं कर विवरण, या गोष्टी पहिल्या वर्षातच अंगावर येतात. आणि अनेक जण पहिली फेरी करून, कार्ड घेऊन परत येतात. नोकरी संपवायची असते, म्हातारे आईवडील असतात, जमिनीचा व्यवहार अडलेला असतो. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिलं तर परतताना विचारणा होते आणि नागरिकत्वासाठी मोजायचा सलग वास्तव्याचा काळ तुटू शकतो. वर्षाहून अधिक झालं तर ग्रीन कार्डवर परत प्रवेश मिळणं धोक्यात येतं. अशांनी दोन वर्षांपर्यंत चालणारा पुनर्प्रवेश परवाना काढावा. त्याचा अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो आणि बोटांच्या ठशांसाठी तिथं बोलावणंही येतं, तेव्हा परतीचं तिकीट काढण्याआधी त्या दोन-तीन महिन्यांची सोय पाहून ठेवावी.